घोट्यावरचा पट्टा

माझ्या सात वर्षांच्या लेकाला ड्यूशेन आहे. स्नायू झिजत जाण्याचा आजार. जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकत उठतो. तपासणीत सहा मिनिटं चालायला लावतात. गेल्या खेपेला एसटीच्या प्रवासानं पेंगुळला होता. अंतर कमी भरलं, मी रात्रभर रडले. आणि दुसऱ्या दिवशी स्वारी कुल्फीवाल्यामागे झपाझप!

हे चालणं कोण मोजणार? युरोपात मोजतात, मैत्रिणींनो. घोट्यावरच्या पट्ट्यातलं यंत्र घरचं-दारचं पाऊलन्‌पाऊल टिपतं. त्यातल्या सर्वांत वेगवान ५ टक्के पावलांवरून आजार जोखतात. चालू शकणाऱ्या मुलांवरच्या औषध-चाचण्यांत हे मुख्य मोजमाप म्हणून चालेल, असं युरोपीय औषध संस्थेनं २०२३ मध्ये मान्य केलं. पट्ट्यानं आजार बरा होत नाही, ठाऊक आहे.

तूर्त मी दिनदर्शिकेवर लिहिते : आज पायरी चढला, कठडा न धरता.