बाळांची मोजदाद करणाऱ्या ज्युलियाबाई

आमच्या गटातल्या एका ताईंच्या मुलीचा जन्मदाखला निघेना. बाळंतपण घरी झालेलं, नोंद राहून गेली. शाळेत अंदाजाने लावलेली तारीख १ जून. तुमच्यापैकी कितीजणींचा वाढदिवस १ जून आहे, सांगा बरं! तेव्हा मला वाचलेल्या एका बाईंची आठवण झाली, ज्युलिया लॅथ्रॉप.

अमेरिकेतल्या रॉकफर्ड गावी १८५८ साली त्यांचा जन्म. शिकून शिकागोला आल्या आणि गरीब वस्तीतल्या ‘हल हाऊस’मध्ये राहून काम करू लागल्या. १८९३ मध्ये इलिनॉय राज्याच्या धर्मादाय मंडळावर त्यांची नेमणूक झाली. बाई कचेरीत बसल्या नाहीत. राज्यातले १०२ गरीबखाने स्वतः फिरून पाहिले. म्हातारी माणसं, मनोरुग्ण आणि पोरकी लेकरं, सगळी एकाच छपराखाली. १८९९ मध्ये शिकागोत मुलांसाठी वेगळं न्यायालय सुरू झालं, त्या खटपटीतही त्या होत्या.

१९१२ मध्ये केंद्र सरकारच्या नव्या बाल विभागाच्या त्या प्रमुख झाल्या. अशा पदावरची तिथली ही पहिलीच बाई. हाताखाली माणसं जेमतेम पंधरा. त्यांनी पहिला प्रश्न धरला: तान्ही बाळं का दगावतात? पण बाळं जन्मतात किती, हेच सरकारला धड ठाऊक नव्हतं. पिकांसाठी खातं होतं, लेकरांचा हिशोब नव्हता.

मग जॉन्सटाउन या पोलाद कारखान्यांच्या शहरात विभागाच्या बाया घरोघर गेल्या. १९११ साली जन्मलेली बाळं शोधायची होती. सरकारी नोंदी अपुऱ्या, म्हणून चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या वह्याही पाहिल्या. आयांना विचारलं: घरात नळ आहे का? नवऱ्याची कमाई किती? निघालं असं, की सगळ्यात कमी कमाईच्या घरांत बाळं दगावण्याचं प्रमाण चांगल्या कमाईच्या घरांपेक्षा सुमारे तिप्पट. तोवर आईच्या अडाणीपणालाच बोल लावायचे. आपल्याकडे अजून लावतात, खरं ना?

पुढे महिला मंडळांच्या हजारो बायकांनी दारोदार जाऊन जन्माच्या नोंदी तपासल्या. पगार नाही, भत्ता नाही. वयाचा पुरावा असला की कोवळ्या पोराला कारखान्यात घालणं अवघड होतं. आपल्याकडे तोच दाखला मुलीचं लवकरचं लग्न अडवायला कामी येतो.

आमच्या ताईंचे हेलपाटे अजून चालू आहेत. नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करायची असते. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो. येत्या बैठकीला प्रत्येकीने घरातल्या लहान मुलांचे दाखले पिशवीत घालून आणा. ज्यांचे नसतील, त्यांची यादी तिथेच करू.