घरच्या घरी व्हिजिटिंग कार्ड

मोबाईलवरून नाव-पत्ता क्षणात धाडता येत असला, तरी आपल्या व्यापारी वर्गात व्हिजिटिंग कार्डाचे प्रयोजन अद्यापि संपलेले नाही. दलाल, मालमोटारीचा चालक, परगावचे गिऱ्हाईक यांच्या हाती काहीतरी द्यावे लागते, आणि हाती दिलेली वस्तू घरी गेल्यावरही खिशात सापडते. मात्र छापखान्यात एकदम हजार कार्डे छापून घेण्याची जी प्रथा आपल्यात रूढ आहे, ती लहान पेढीच्या हिताची नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. हजाराच्या भावात एक कार्ड स्वस्त पडते हे गणित सर्वांस पाठ आहे. परंतु त्यांतील सहाशे कार्डे जुना नंबर घेऊन पेटीत पडून राहिली, तर त्यांचा भाव कोणी काढतो काय?

आपल्या सिल्वासाचेच पाहा. २६ जानेवारी २०२० रोजी दादरा आणि नगर हवेली व दमण आणि दीव हे दोन केंद्रशासित प्रदेश एक झाले आणि प्रदेशाचे नावच बदलले. ज्याच्याजवळ छापील साहित्याचा साठा मोठा, त्याचे नुकसान मोठे. याहून जुने उदाहरण अधिक बोधप्रद आहे. १९५४ मध्ये हा मुलूख पोर्तुगीज अंमलातून मुक्त झाला आणि ११ ऑगस्ट १९६१ रोजी भारतीय संघराज्यात विधिवत सामील झाला. मधल्या काळात येथील टपालासाठी आरंभी पोर्तुगीज अमदानीतील तिकिटांवरच ‘मुक्त प्रदेश’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द छापून ती चालविण्यात आली. जुना साठा फेकून न देता त्यावर नवा शिक्का उमटविण्याची ही युक्ती कार्डांनाही लागू आहे. नंबर बदलला असेल तर लहानसा रबरी शिक्का करून घ्यावा. पेनाने खोडलेला नंबर मात्र कोणासही देऊ नये.

घरी छापावयाचे तर हिशेब असा. ए-फोर आकाराचा कागद २१० मिलिमीटर रुंद व २९७ मिलिमीटर लांब असतो. कार्ड ९० बाय ५४ मिलिमीटरचे धरले, तर दोन उभ्या रांगांत पाच-पाच अशी दहा कार्डे एका कागदावर बसतात. बाजूंना पंधरा-पंधरा आणि वर-खाली साडेतेरा मिलिमीटर जागा उरते; ती यंत्राला कागद धरण्यास पुरते. म्हणजे शंभर कार्डांना दहा कागद लागतात. नासधुशीसाठी दोन कागद जादा धरावेत. लिब्रेऑफिससारखा विनामूल्य प्रोग्राम संगणकावर असला की आखणी होते. छापण्याची आज्ञा देताना आकार शंभर टक्के ठेवावा. कागदात बसविण्याचा पर्याय निवडल्यास कार्डे आक्रसतात आणि सारी आखणी फुकट जाते.

कागद सुमारे २०० ते २२० जीएसएम वजनाचा, साधा, विनाचकाकीचा घ्यावा. त्याहून जाड कागद घरगुती यंत्र घेईल किंवा नाही, हे यंत्राच्या माहितीपुस्तकात पाहावे. चकचकीत आर्ट कार्डावर शाईचे यंत्र चालत नाही, कारण शाई कागदात मुरत नाही आणि बोट लागताच पसरते. साध्या कागदावरही शाई कोणती आहे ते पाहणे अगत्याचे आहे. पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची शाई आपल्याकडच्या पावसाळ्यात ओल्या हातानेही ओघळते. पिगमेंट शाई तग धरते. एक कार्ड छापून, सुकू देऊन, ओल्या बोटाने पुसून पाहावे. पोत्यातून मूठभर नमुना काढल्याशिवाय आपण धान्य घेत नाही, तोच न्याय येथे. लेझर यंत्रातील भुकटी उष्णतेने कागदावर बसते, तिला पाण्याचे भय नाही. घरी तसे यंत्र नसेल, तर आखणी घरी करून पीडीएफ झेरॉक्सच्या दुकानात न्यावी. यातही बचत मोठीच होते. दोन पातळ कागद खळीने चिकटवून कार्ड जाड करण्याचा उद्योग करू नये. कागद वाकडा होतो, शिवाय पिठाच्या खळीला किडे व झुरळे लागतात, आणि ती जीवहिंसा आपल्यास नको.

शाईच्या शुद्धतेचा विचार आपल्याकडे नवा नाही. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी शिळाछापाचे यंत्र स्वतः खटपट करून उभे केले, शाईही स्वतः बनविली आणि १८३१ मध्ये मराठी पंचांग छापले. चरबीच्या शाईस सनातनी मंडळींचा आक्षेप असल्याने तुपाची शाई वापरण्यात आली, ही हकीकत मुद्रणाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. आपल्या सभासदांनी तेवढा शोध घेतला नाही तरी चालेल. पण फोटोच्या काही कागदांवर जिलेटिनचा थर असतो, एवढे ध्यानात ठेवावे.

मजकूर थोडा असावा. पेढीचे नाव, माल कोणता, पत्ता, फोन. मोबाईलचे दहा आकडे पाच-पाच असे तोडून लिहावेत. देवनागरी अक्षर नऊ पॉइंटांहून लहान नको. मात्रा व जोडाक्षरे गिचमिड होतात. एका बाजूस मराठी व दुसऱ्या बाजूस गुजराती ठेवावयाची असेल, तर मुंबईच्या ‘एक टाइप’ संस्थेचा ‘मुक्त’ हा टंक दोन्ही लिप्यांत विनामूल्य मिळतो. नवकार मंत्र अथवा भगवंतांची प्रतिमा कार्डावर छापू नये. कार्ड पायदळी जाते, कचऱ्यातही जाते, आणि आशातनेचा दोष आपल्या माथी येतो.

क्यूआर कोड घालावयाचा तर नाव व नंबर त्या कोडातच भरलेला असावा. एखाद्या कंपनीच्या संकेतस्थळामार्गे फिरून जाणारा कोड तिची वर्गणी थांबताच मुका होतो. पैसे घेण्याचा कोड गल्ल्यावर शोभतो. कार्डावर तो नको. पंधरा अक्षरांचा जीएसटी क्रमांकही मी कार्डावर घालीत नाही. त्यातील तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंतची दहा अक्षरे म्हणजे आपला पॅनच होय. कायद्यास तो क्रमांक दुकानाच्या नामफलकावर हवा आहे, तेथे तो अवश्य लिहावा.

कापणीसाठी पोलादी पट्टी, नवे पाते आणि खाली जाड पुठ्ठा. एकाच दाबात कापण्यापेक्षा हलक्या हाताने तीन-चार वेळा पाते फिरवावे. कार्डांची पार्श्वभूमी पांढरीच ठेवावी. रंग कडेपर्यंत नेला की एका मिलिमीटरची चूकही डोळ्यांत भरते. पहिला कागद निघाला की नंबर घरातील दुसऱ्या कोणी मोठ्याने वाचावा आणि त्या छापील कार्डावरूनच फोन लावून पाहावा. हे काम मुले उत्साहाने करतात.

जे आपण एका संध्याकाळी घरी करू शकतो, ते कोणीही करू शकतो, हेही तितकेच खरे. सुबक कार्ड पाहून उधारीवर माल सोडणे हा धोका आहे. अनोळखी माणसाने कार्ड दिले, तर त्याच्याकडून जीएसटी क्रमांक मागून घ्यावा आणि जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर तो घालून पेढीचे नाव जुळते काय ते पाहावे. त्यास पैसा पडत नाही. पहिले दोन आकडे राज्याचे असतात. आपल्या प्रदेशाचे २६, गुजरातचे २४, महाराष्ट्राचे २७. कार्डावर पत्ता सिल्वासाचा आणि क्रमांकाचा आरंभ निराळा असेल, तर माल गाडीत भरण्यापूर्वी खुलासा मागावा.