बेदाण्याचा सोनेरी रंग

सांगली जिल्ह्यातील तासगावचा बेदाणा प्रसिद्ध आहे. उन्हाळा सुरू झाला की तेथे द्राक्षांचे पिकलेले घड उतरवितात, ते एका द्रावणात बुडवून काढतात आणि शेडमधील जाळ्यांवर पसरून सावलीत वाळवितात. सुमारे पंधरा दिवसांत रसाळ द्राक्षाचा सुरकुतलेला, मधुर बेदाणा होतो. पण बाजारात पाहावे, तर काही बेदाणे तपकिरी असतात आणि काही सोन्यासारखे पिवळे! हा भेद कशामुळे पडतो?

सफरचंद कापून ठेवले म्हणजे थोड्याच वेळात त्याची फोड काळवंडते, हे प्रत्येकाने पाहिले असेल. फळातील काही द्रव्यांचा हवेतील प्राणवायूशी संयोग होतो, म्हणून असे घडते. द्राक्षे वाळतानाही हीच क्रिया होऊन त्यांना तपकिरी रंग येतो. ती थांबविण्यासाठी बंद खोलीत गंधक जाळून बेदाण्यांना त्याची धुरी देतात. गंधक जळले की सल्फर डायऑक्साइड नावाचा उग्र वासाचा वायू निर्माण होतो. तो फळात शिरला म्हणजे काळवंडण्याची क्रिया मंदावते, बुरशी व किण्व यांची वाढ रोखली जाते आणि रंग उजळ राहतो.

हा वायू व त्यापासून बनणारे क्षार यांना सल्फाइटे असे म्हणतात. लिंबाचे वा संत्र्याचे सरबत बाटलीत पुष्कळ दिवस टिकावे म्हणून त्यात पोटॅशियम मेटाबायसल्फाइट नावाची पांढरी भुकटी अत्यल्प प्रमाणात घालतात. जांभळाच्या सरबतात मात्र ती घालीत नाहीत. कारण तिच्यामुळे जांभळाचा सुंदर रंग फिका पडतो.

मग ही सल्फाइटे शरीरास अपायकारक नाहीत काय? आपल्या शरीरातही अन्नाच्या पचनानंतर थोडे सल्फाइट तयार होतच असते. शरीर त्याचे निरुपद्रवी सल्फेटात रूपांतर करते व ते मूत्रावाटे बाहेर टाकते. म्हणून बहुतेक माणसांना अल्प प्रमाणातील सल्फाइटांचा त्रास होत नाही. तथापि दम्याच्या काही रोग्यांची गोष्ट वेगळी आहे. असा पदार्थ खाताना त्यातून सुटणारा वायू श्वासनलिकेत गेला, तर ती आकुंचन पावते आणि रोग्याचा जीव गुदमरतो.

अमेरिकेत एके काळी उपाहारगृहांतील कच्च्या भाज्या ताज्या दिसाव्यात म्हणून त्यांवर सल्फाइटाचे पाणी शिंपडीत. खाणाऱ्यांना याची काहीच कल्पना नसे. पुढे दम्याच्या काही रोग्यांना त्यामुळे तीव्र झटके आले. काहींना प्राणासही मुकावे लागले. अखेर १९८६ मध्ये तेथील शासनाने कच्च्या खावयाच्या फळभाज्यांवर सल्फाइटे वापरण्यास बंदी केली. शिळी भाजी ताजी भासविण्याचा मोह किती महाग पडू शकतो, हे या घटनेने दाखविले. शिवाय सल्फाइटे ब-१ जीवनसत्त्वाचा नाश करतात. हे जीवनसत्त्व पुरविणाऱ्या अन्नात ती घालणे अयोग्यच होय.

आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी ठरविल्याप्रमाणे, माणसाने आयुष्यभर रोज खाल्ले तरी चालेल असे सल्फाइटाचे प्रमाण शरीराच्या दर किलोग्रॅम वजनास ०.७ मिलिग्रॅम आहे. म्हणजे ३५ किलोग्रॅम वजनाच्या मुलास दिवसाला २४.५ मिलिग्रॅम. समजा, एका किलोग्रॅम बेदाण्यात ५०० मिलिग्रॅम सल्फाइट आहे; तर ५० ग्रॅम बेदाण्यांबरोबर २५ मिलिग्रॅम पोटात जाईल. एखाद्या दिवशी असे झाले म्हणून भिण्याचे कारण नाही. पण रोज मुठी भरभरून खाणे शहाणपणाचे नव्हे. अति तेथे माती, ही म्हण येथेही खरी ठरते.

आपल्या देशातील नियमांनुसार, एक किलोग्रॅम पदार्थात १० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक सल्फाइट असेल, तर तसे वेष्टनावर छापावे लागते. कित्येकदा नावाऐवजी २२० ते २२८ यांपैकी एखादा क्रमांक दिलेला असतो. घरात कोणास दमा असेल, तर वस्तू विकत घेण्यापूर्वी ही बारीक अक्षरे अवश्य वाचावीत. सुट्या मालावर मात्र अशी अक्षरे नसतात. तेथे दुकानदारास विचारावे.

तपकिरी बेदाणा दिसावयास साधा असतो, पण गोडीत तो उणा नसतो. केवळ रंगावर भाळून न जाता, आपण काय खातो हे जाणून घेणारा मनुष्य स्वतःचे आणि इतरांचेही आरोग्य राखतो.