परक्या चिपची भाषा, घरच्या संगणकावर

धुलाई यंत्र, विजेचा डिजिटल मीटर, मोटारीच्या इंजिनावर नजर ठेवणारी पेटी, रुग्णाच्या उशाशी असलेले नाडीमापक... या साऱ्यांच्या पोटात एकेक छोटा संगणक दडलेला असतो. त्याला बहुधा ना कळफलक असतो, ना नेहमीच्या संगणकासारखा पडदा. मग त्याच्यात चालणारी आज्ञावली तयार होते तरी कुठे? ती तयार होते दुसऱ्याच एका संगणकावर. या दुसऱ्या संगणकाला ‘यजमान’ म्हणतात आणि ज्या चिपसाठी काम चालते ती असते ‘लक्ष्य’.

हा द्राविडी प्राणायाम का करावा लागतो, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या परिचयाच्या आर्डुइनो उनो या पाटीवरील चिपमध्ये आज्ञावलीसाठी ३२ किलोबाइट जागा असते आणि काम करताना वापरायची स्मृती केवळ २ किलोबाइट. माणसाने सी भाषेत लिहिलेल्या आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर मात्र कित्येक मेगाबाइटचा. तो त्या चिपमध्ये मावणे शक्यच नाही. म्हणून कंपायलर चालतो यजमानावर, पण त्यातून बाहेर पडणारी यंत्रभाषा असते लक्ष्य चिपची. अशा दुभाष्याला क्रॉस-कंपायलर असे नाव आहे.

क्रॉस-कंपायलर तयार स्वरूपातही मिळतात आणि बहुतेकांचे काम त्यावर भागते. परंतु चिप नवी असेल, विशिष्ट लायब्ररी हवी असेल, किंवा उपकरण पुढील १५ वर्षे सांभाळायचे असेल, तर ही हत्यारे मूळ स्रोतापासून स्वतः घडवणे श्रेयस्कर ठरते. कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठात २०१० साली सुरू झालेली रिस्क-व्ही ही खुली रचना, तिच्यावर आधारलेला आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ आणि पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकचा ‘वेगा’ हे प्रोसेसर पाहता, भारतीय अभियंत्यांनाही ही विद्या अवगत असणे अगत्याचे झाले आहे.

हत्यारांच्या या संचात मुख्यतः तीन घटक असतात. बायनुटिल्समध्ये असेंब्लर आणि सुटे भाग जोडणारा लिंकर असतो. दुसरा घटक म्हणजे प्रत्यक्ष कंपायलर. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये प्रथम प्रसृत केलेला जीसीसी त्यासाठी सर्वत्र वापरला जातो. तिसरी असते सी लायब्ररी. लहान चिपसाठी न्यूलिब, तर लिनक्स चालवणाऱ्या उपकरणांसाठी जीलिबसी किंवा मसल.

यांची बांधणी सुरू करण्यापूर्वी यजमानाची नीट तयारी करावी लागते. बांधणी फसते तेव्हा दोष पुष्कळदा स्रोतात नसून या तयारीत असतो. कंपायलर घडवण्यासाठीही आधी कंपायलर लागतोच. २०१३ साली आलेल्या जीसीसी ४.८ पासून तो स्वतः सी प्लस प्लसमध्ये घडवला जातो; त्यामुळे यजमानावर नुसता सी कंपायलर असून भागत नाही. त्याखेरीज मेक, बायसन, फ्लेक्स, गॉक, पॅच, टेक्सइन्फो ही साधने आणि जीएमपी, एमपीएफआर, एमपीसी या गणिती लायब्रऱ्या लागतात. कंपायलर अपूर्णांकांचे हिशेब काटेकोरपणे करतो तो या लायब्रऱ्यांच्याच आधारे.

दुसरी बाब जागेची. जीसीसीचा स्रोत ज्या फोल्डरमध्ये असतो तिथेच बांधणी न करता ती वेगळ्या फोल्डरमध्ये करावी, अशी शिफारस त्याच्या निर्मात्यांनीच केली आहे. फोल्डरच्या नावात मोकळी जागा नसावी, कारण मेक हे साधन मोकळी जागा म्हणजे एक नाव संपून दुसरे सुरू झाले असे समजते. फाइल-व्यवस्था इंग्रजी अक्षरांच्या लहान-मोठ्या रूपांत भेद करणारी हवी. लिनक्सच्या स्रोतात केवळ या भेदाने वेगळ्या ठरणाऱ्या फाइली आहेत. मॅक संगणकावर मूळची मांडणी हा भेद करत नाही. तिथे एक फाइल दुसरीला पुसून टाकते आणि चूक कळते ती फार उशिरा.

तिसरी बाब अधिकारांची. हे काम ‘रूट’ या सर्वाधिकारी खात्यातून करू नये. स्थापनेचे ठिकाण चुकून यजमानाचेच दिले गेले, तर परक्या चिपची लायब्ररी यजमानाच्या लायब्ररीच्या जागी जाऊन बसेल आणि संगणकच ठप्प होईल. साध्या खात्याला ती मुभाच नसते. याउलट धोकाही आहेच. यजमानाच्या हेडर फाइली किंवा लायब्रऱ्या लक्ष्याच्या बांधणीत शिरल्या, तर आज्ञावली तयार होते, पण उपकरणात भलतेच वागते. म्हणून जुन्या कामातून उरलेली शोधमार्गांची आणि कंपायलरच्या पर्यायांची चले आधी कोरी करावी लागतात.

एवढी सिद्धता झाली की क्रम ठरलेला आहे. प्रथम बायनुटिल्स, मग लायब्ररीविना चालणारा अर्धामुर्धा जीसीसी, त्याच्या साह्याने सी लायब्ररी आणि अखेर पूर्ण जीसीसी. लायब्ररी घडवायला कंपायलर हवा आणि कंपायलर पूर्ण व्हायला लायब्ररी हवी, हा पेच असा दोन टप्प्यांत सुटतो. क्रॉसटूल-एनजी आणि बिल्डरूट ही साधने हा क्रम आपोआप पार पाडतात. परंतु यजमान अशुद्ध असेल तर त्यांचाही नाइलाज होतो.

हा सारा सोपस्कार निव्वळ तांत्रिक शिस्तीपुरता नाही. युनिक्सचे एक जनक केन थॉम्प्सन यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात दाखवून दिले होते की, कंपायलरमध्येच चोरवाट दडवली तर आज्ञावलीचा स्रोत कितीही तपासला तरी ती सापडणार नाही. पुढे २०१५ मध्ये अ‍ॅपलच्या एक्सकोड या साधनसंचाची भ्रष्ट प्रत अनधिकृत ठिकाणांहून उतरवून घेतलेल्या विकासकांची अ‍ॅप्स त्यांच्या नकळत बाधित झाली. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली आवळणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट आढळली. ती कार्यान्वित करणारा दुवा प्रसृत केलेल्या गठ्ठ्यात होता आणि बांधणीच्या वेळीच तो आपले काम करत असे. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला लागणारा सुमारे अर्ध्या सेकंदाचा विलंब खटकला, म्हणून ते उघडकीस आले.

स्रोत अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावा, त्याची डिजिटल स्वाक्षरी पडताळावी, हे ओघानेच आले. अर्थात गठ्ठा कोणाकडून आला एवढेच स्वाक्षरी सांगते. पाठवणाऱ्याचा हेतू ती सांगत नाही. म्हणून यजमानावरील प्रत्येक साधनाची आवृत्ती नोंदवून ठेवणे तितकेच महत्त्वाचे. एखादी आवृत्ती सदोष असल्याचे उद्या कळले, तर कोणती उपकरणे तिच्या छायेत घडली हे या नोंदींवरून सांगता येते आणि तोच संच पुन्हा उभारून दुरुस्तीही करता येते. रुग्णाच्या उशाशी असलेल्या यंत्रावर विश्वास ठेवायचा, तर ते ज्या संगणकावर घडले त्याचाही हिशेब कुठेतरी लिहिलेला असायला हवा.