गोल तराफ्यात कोरडी जागा कोणती?

आई-बाबा भारतातून आले की आमची ऑर्लंडोची वारी ठरलेली. या वेळी 'काली रिव्हर रॅपिड्स'च्या रांगेत बाबांनी विचारलं, "कुठे बसलो तर भिजणार नाही?" प्रश्न गमतीचा नव्हता. त्यांच्या कानात श्रवणयंत्र होतं.

उतारावरून कोसळणाऱ्या होडीत उत्तर थोडंफार देता येतं. तिथल्याच 'जुरासिक पार्क रिव्हर अ‍ॅडव्हेंचर'चा उतार २६ मीटरचा. घर्षण नसतं, तर तळाशी वेग ताशी ८० किलोमीटर झाला असता. पाणी हवेच्या सुमारे ८०० पट जड. होडी ते बाजूला ढकलत थांबते आणि तिचा वेग त्या पाण्याला मिळतो. तेच वर उसळून पुढच्या आणि कडेच्या लोकांवर येतं. मागे, मधोमध बसलात तर निदान पुढच्यांचा आडोसा.

कालीचा तराफा मात्र गोल, बारा जणांचा. काठाला तिरकी धडक बसली की तो गरगरतो. पुढची लाट कोणाच्या वाट्याला येणार, हे धडकेच्या बारीकशा फरकावर ठरतं. तेव्हा जागा निवडण्यात वेळ घालवू नका, कपडे निवडा. सुती जीन्स पाणी धरून ठेवते, आणि फ्लोरिडाच्या दमट हवेत ती वाळता वाळत नाही. प्रत्येक ग्रॅम पाणी वाफ होताना सुमारे २४०० जूल उष्णता घेतं, त्यातली बरीचशी तुमच्या अंगातली. म्हणूनच नंतर एसीत शिरलं की हुडहुडी भरते! पातळ पॉलिएस्टर लवकर सुटतं.

श्रवणयंत्र आम्ही झिपच्या पिशवीत घालून लॉकरमध्ये ठेवलं. बाबा अख्खी राइड "काय?" विचारत होते, आणि सगळ्यांत कमी भिजले तेच.