कृत्रिम हिरवळीआधी पाण्याला वाट हवी

बंगल्याच्या अंगणात किंवा गृहनिर्माण संस्थेच्या मोकळ्या जागेत कृत्रिम हिरवळ अंथरण्याची पद्धत पुणे, नाशिक, नागपूर यांसारख्या शहरांत आता चांगलीच रुळली आहे. पाणी घालणे नको, कापणी नको आणि रंग मात्र बारमाही हिरवा, हे तिचे आकर्षण. परंतु पहिल्या जोरदार पावसानंतर अनेक ठिकाणी तिच्यावर डबकी साचतात, काही दिवसांनी कुबट वास येऊ लागतो आणि मध्येच उंचवटे दिसू लागतात. दोष हिरवळीला दिला जातो; प्रत्यक्षात तो बहुधा तिच्याखालच्या काळ्या मातीच्या निचऱ्यात असतो.

माती पाणी का सोडत नाही?

दख्खनच्या पठारावरील काळी माती बेसॉल्ट खडकाची झीज होऊन तयार झाली आहे. तिच्यातील मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज पाणी ओढून घेऊन फुगते आणि वाळले की आकसते. उन्हाळ्यात जमिनीला पडणाऱ्या रुंद भेगा त्याचाच परिणाम. चिकणमातीचा कण ०.००२ मिलिमीटरहूनही लहान असल्याने कणांमधील पोकळ्या अतिशय अरुंद असतात. माती एकदा भिजून फुगली की पाणी खाली झिरपणे जवळजवळ थांबते. हिरवळीच्या अस्तराला भोके असतात, त्यातून पाणी सहज खाली जाते. पण मातीपाशी येऊन अडते.

५० चौरस मीटर अंगणावर ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर २,५०० लिटर पाणी जमा होते. छपराची पन्हळ त्याच अंगणात सोडलेली असेल, तर १०० चौरस मीटर छपराचे आणखी ५,००० लिटर त्यात मिसळते. म्हणूनच छपराचे पाणी बंद नळीतून अंगणाबाहेर नेणे, हे सर्वांत स्वस्त आणि पहिले काम होय.

आधी परीक्षा

अंगणात ३० सेंटिमीटर लांब, रुंद व खोल खड्डा खणून तो पाण्याने भरावा. उन्हाळ्यात हे पाणी भराभर नाहीसे होते, कारण ते भेगांत शिरते. या पहिल्या निकालावर विसंबू नये. माती रात्रभर भिजू द्यावी आणि दुसऱ्या दिवशी खड्डा पुन्हा भरून पातळी मोजावी. ती तासाला २५ मिलिमीटरहून कमी उतरत असेल, तर निचऱ्याची स्वतंत्र सोय अपरिहार्य समजावी. वरच्या मातीत थोडी वाळू मिसळल्याने हा प्रश्न सुटत नाही. वाळूचे कण चिकणमातीत रुतून बसतात.

उतार, चर आणि थर

सुमारे १५ सेंटिमीटर माती काढल्यानंतर खोदलेल्या तळालाच घरापासून बाहेरच्या दिशेने १०० ला १ असा उतार द्यावा. ६ मीटर लांबीला ६ सेंटिमीटर उतार डोळ्यांना जाणवतही नाही. अनेकदा तळ सपाट ठेवून केवळ वरच्या थराला उतार दिला जातो; ही चूक महागात पडते, कारण पाणी मातीच्या पृष्ठभागावरून वाहणार असते.

सखल कडेला सुमारे ३० सेंटिमीटर रुंद व ४५ सेंटिमीटर खोल चर खणावा. त्यात न विणलेले जिओटेक्स्टाइल कापड अंथरून, धुतलेल्या खडीवर १०० मिलिमीटर व्यासाचा सच्छिद्र पाइप भोके खाली करून ठेवावा. पाइपलाही उतार हवाच. वर पुन्हा खडी भरून कापड दुमडून घ्यावे. हे कापड पाणी जाऊ देते, पण मातीचे कण अडवते. ते नसेल तर काही पावसाळ्यांत खडी गाळाने भरते.

उरलेल्या तळावरही कापड घालून १० सेंटिमीटर खडी आणि तिच्यावर २ ते ३ सेंटिमीटर कच दाबून बसवावी. येथे मुरूम वापरण्याचा मोह होतो, कारण तो स्वस्त आणि सहज मिळणारा असतो. फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या मातीचा थर उपयुक्त ठरतो, हे आयआयटी मुंबईतील प्रा. आर. के. कट्टी यांच्या संशोधनाने दाखवून दिले आहे आणि त्यासाठी योग्य प्रतीचा मुरूम चालतो. मात्र दाबलेला मुरूम पाणी अडवतो. त्यामुळे तो घालायचाच असल्यास काळ्या मातीच्या लगत, उतार राखून आणि खडीच्या खाली घालावा. हिरवळीच्या लगत कदापि नव्हे.

पाणी जाणार कोठे?

काळ्या मातीतच खणलेला शोषखड्डा पावसाळ्यात विहिरीसारखा भरून राहतो. खालचा मुरूम किंवा झिजलेला खडक लागेपर्यंत तो खोल नेता येत असेल, तरच त्याचा उपयोग. अन्यथा पाइप पावसाळी गटाराला जोडावा. मैलापाण्याच्या वाहिनीला नव्हे. शेवटी लहान चेंबर बांधल्यास पावसाळ्यापूर्वी गाळ काढता येतो. हिरवळीत रबराचे दाणे भरले असतील, तर ते वाहून जाऊ नयेत म्हणून चेंबरला जाळी हवी. युरोपीय संघाने २०२३ मध्ये सूक्ष्मप्लास्टिकवर घातलेल्या निर्बंधांत अशा दाण्यांचाही समावेश आहे.

चर इमारतीच्या जोत्याला खेटून घेऊ नये. पायालगतची माती आळीपाळीने भिजत व वाळत राहिली, तर भिंतींना तडे जाण्याचा धोका असतो. कामाचा काळही महत्त्वाचा आहे. मे महिन्यात माती पूर्ण आकसलेली असते. तेव्हा बसवलेली पातळी पावसात उचलली जाते. पावसाळ्यात तर माती तुडवलीही जात नाही. पाऊस संपल्यानंतर, माती ओलसर पण घट्ट असताना म्हणजे नोव्हेंबरच्या सुमारास खोदाई करणे श्रेयस्कर.

खडी दाबून झाल्यावर, हिरवळ अंथरण्यापूर्वी, नळीने तासभर पाणी सोडून ते पाइपातून बाहेर पडते का, हे पाहावे. या टप्प्यावर सापडलेला दोष दुरुस्त करणे सोपे असते. हिरवळ चिकटवल्यानंतर त्याच दुरुस्तीसाठी सारे काम उखडावे लागते.