पाऊण एकरात तेरा हजार केळी?

डोंगरकडा भागात केळी लावताना रोपांचा हिशेब सहसा कुणी वहीत मांडत नाही. पाच बाय पाच फुटांवर एकरी साडेसतराशेच्या आत-बाहेर रोपं बसतात, हे आपलं तोंडपाठ. आता हेच गणित घरच्या सातवीतल्या पोराला घाला. तीस गुंठ्यांत रोपं किती? एक गुंठा १,०८९ चौरस फूट, एवढं सांगून ठेवा.

पोरगं १,०८९ ला ३० नं गुणतं, ३२,६७० येतात. त्याला २५ नं भागतं. दशांश चिन्ह सुटलं की उत्तर १३,०६८! लिहून मोकळं होतं. तुम्ही हसाल, कारण पाऊण एकरात तेरा हजार रोपं उभी तरी राहतील का? खरं उत्तर १,३०६. पण या उत्तरावर रोपांची आगाऊ नोंदणी केली असती तर?

पोराला गुणाकार-भागाकार येतो. उत्तर आल्यावर “हे पटतंय का?” असं स्वतःला विचारायची सवय तेवढी नाही. आपल्या विचारावर आपणच राखण ठेवायची, याला अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅवेल यांनी १९७०च्या दशकात ‘मेटाकॉग्निशन’ म्हटलं. नाव जड, काम जागल्याचं.

गणिती जॉर्ज पोल्या यांनी १९४५ साली चार पायऱ्या सांगितल्या: गणित समजून घ्या, बेत आखा, बेत पार पाडा, मागे वळून पाहा. आपल्याकडे सगळा जोर तिसरीवर, असं माझं मत.

मग आपली शेतातली अक्कल पोराच्या वहीत का उतरत नाही? अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आदींचा अभ्यास २०२५ साली ‘नेचर’मध्ये आला. कोलकाता-दिल्लीच्या बाजारात काम करणारी मुलं तोंडी हिशेब चोख करतात, पण शाळेच्या पद्धतीच्या गणितात अडतात. शाळेतल्या मुलांचं नेमकं उलटं.

शिवाय प्रत्येकाची विचाराची ढब निराळी. एक पोरगं आधी अख्खं शेत बघतं, दुसरं एकेक सरी मोजत जातं. पहिल्याला आकृती काढू द्या, दुसऱ्याला एका गुंठ्यापासून सुरू करू द्या. आणि उत्तर चुकलं तर लगेच बरोबर सांगू नका, “एकरात किती बसतात रे?” एवढंच विचारा.

सरपंच, ग्रामसेवक मंडळींनी शाळेच्या मैदानावर ३३ बाय ३३ फुटांचा एक गुंठा आखून द्यावा. चुना, दोरी आणि चार खुंट्या लागतील.